बेलबर्ड स्ट्रीटवरची धूळचोरी

कूरानूकच्या हवेत धूळ नाही असं सरकारी यंत्रानं सिद्ध केलं, आणि ब्लूहिल कंपनीला गावाला खेटून नवं वीजकेंद्र उभारायची परवानगी मिळाली. स्वच्छ कोळशाचं केंद्र. धुराडं एकच, पण देखणं.

हे वाचून झालं असेल तर विसरून जा. असं काहीही अजून घडलेलं नाही. परवानगी नाही, धुराडं नाही. मंगळवारची सकाळ आहे, सार्जंट इनेका पोस्टमा चौकीत बसून टोस्टला व्हेजिमाइट फासते आहे, आणि फोन वाजतो आहे.

"पोलीस."

"चोरी झालीय. बेलबर्ड स्ट्रीट. डोरिस झामित बोलतेय."

"काय गेलं, मिसेस झामित?"

"धूळ."

इनेकानं सुरी खाली ठेवली.

"परत सांगा."

"धूळ गं पोरी, धूळ! माझ्या परसातली. कितीतरी दिवस कुणीतरी चोरतंय. तू येतेस, का मी मेलबर्नला फोन लावू?"

चौकीच्या संगणकात चोरीच्या मालाचे प्रकार ठरलेले होते. वाहन, जनावर, दागिने, अवजारे. इनेकानं 'इतर' निवडलं आणि गाडी काढली.

वाटेत तिनं काच पुसणारी पाती चालू केली. पाऊस नव्हता. त्या सकाळी झाडणी झाली होती.

झाडणी म्हणजे काय हे कूरानूकमध्ये कुणाला सांगावं लागत नाही. जुन्या वीजकेंद्रातल्या बॉयलरच्या नळ्यांवर राख साठते. ती अधूनमधून वाफेच्या जोरानं झटकावी लागते. आधी एक बारीक शीळ ऐकू येते, मग डोंगर घसा खाकरतोय असा आवाज, आणि थोड्या वेळानं तपकिरी भुकटी खाली उतरते. सरकारच्या काळात झाडणीपूर्वी केंद्रातून प्रत्येक गल्लीतल्या पहिल्या घरी फोन यायचा, 'दोरीवरचे कपडे काढा.' तिथून तो निरोप कुंपणांवरून पुढे जायचा. शेजारीण घरी नसेल तर तिचेही कपडे काढायचे, ही रीत होती. ब्लूहिलनं केंद्र विकत घेतलं आणि पहिल्या महिन्यात फोन बंद केला. कपडे काढा म्हणणं म्हणजे कपड्यांवर काहीतरी पडतं हे कबूल करणं, असं त्यांच्या वकिलाचं मत पडलं.

डोरिस झामित फाटकातच उभी होती. सत्तरी पार केलेली, ठेंगणी, आणि रागानं थोडी उंच झालेली. काखेत अजून फलक होता. 'आधी श्वास, मग वीज.'

"आत ये. पाय पुसू नकोस, पुरावा आहे तो."

परसात सगळ्यावर तपकिरी थर होता. खुर्च्यांवर, पाण्याच्या टाकीवर, लिंबाच्या पानांवर. लिंबाखाली तीन पायांवर एक पांढरी पेटी उभी होती आणि तिच्या डोक्यावर छत्रीसारखी टोपी होती. ही पर्यावरण प्राधिकरणाची. आत हवा ओढायची, धूळ मोजायची आणि तारेवरून आकडा मेलबर्नला पाठवायचा, एवढंच तिचं काम.

"ही मी भांडून आणवली," डोरिस म्हणाली. "कंपनी म्हणते, नवं केंद्र कोळसा आधी वाळवणार, मग जाळणार, म्हणून स्वच्छ. प्राधिकरण म्हणतं, गावाच्या हवेत अजून एका धुराड्यापुरती जागा आहे का ते आधी बघू. मी म्हटलं, माझ्या घरी येऊन बघा की! शुक्रवारी मोजणी संपते. धूळ जास्त निघाली तर केंद्र टेकडीपलीकडे जाईल. नाही निघाली तर इथेच, त्या कुंपणामागे."

"आणि निघत नाहीये?"

"काल सभेत त्या ब्रॉडी फॅरंटनं पडद्यावर आकडे दाखवले. म्हणे कूरानूकची हवा दक्षिण ध्रुवाच्या तोडीची! झाडणीच्या वेळी तर ध्रुवापेक्षाही स्वच्छ! लोकांनी टाळ्या वाजवल्या, इनेका. खोकत खोकत वाजवल्या."

इनेका पेटीजवळ गेली. टोपीवरून बोट फिरवलं आणि बघितलं. स्वच्छ. शेजारच्या लिंबाच्या पानावर फिरवलं. तपकिरी.

"तुम्ही पुसलीत?"

"मी हातही लावत नाही. लावायचा नाही असं लिहून दिलंय मी."

सिमेंटच्या पायवाटेवर डोरिसच्या रागाची पावलं उमटली होती. आधी दुसऱ्या कुणाची असलीच तर ती त्यांच्याखाली गेली होती. पण कडेच्या धुळीत एक नागमोडी रेघ होती, बोटभर रुंद. पेटीपासून निघालेली.

"साप," डोरिस म्हणाली. "टायगर स्नेक. टाकीखाली राहतो. त्याचं सोड, तो ब्लूहिलचा नाही."

इनेका रेघेबरोबर चालत गेली. साप टाकीकडे गेलाच नव्हता. तो सरळ मागच्या पायरीपर्यंत आला होता आणि तिथे संपला होता.

स्वयंपाकघरात खिडकीशी नेनू झामित बसला होता. तीस-पस्तीस वर्षं केंद्रात बॉयलरवर काढलेला माणूस. आता नाकात ऑक्सिजनची नळी, पायात मेंढीच्या कातड्याचे बूट आणि हातात चहाचा कप. कोपऱ्यात यंत्र घोरत होतं. त्यातून निघालेली पारदर्शक नळी फरशीवरून वळणं घेत आली होती, आणि उरलेली मागच्या दाराजवळ खिळ्याला वेटोळं करून टांगली होती.

"हात वर करू का, सार्जंट?" नेनूनं विचारलं. "एकच करता येईल. दुसऱ्यात चहा आहे."

"राहू द्या. तुम्ही काही बघितलंत?"

"मी दिवसभर बघतोच. खिडकी आहे ना."

"झाडणीच्या वेळी परसात कुणी अनोळखी माणूस?"

"अनोळखी? नाही बुवा. कुणी नाही."

"त्याला काय विचारतेस," डोरिस म्हणाली. "टपालपेटीपर्यंत जायचं तर वाटेत दोनदा बसतो. डॉक्टरनं दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही म्हणून सांगितलंय. आणि या बाजूला आणखी एक धुराडं आलं तर याला खोऱ्यात ठेवूच नका म्हणाला. मेलबर्नला पोरीकडे जा म्हणाला."

"बाराव्या मजल्यावर," नेनू म्हणाला. "लिफ्टमध्ये आरसा आहे. रोज स्वतःला कशाला बघायचं?"

हसता हसता त्याला खोकला आला. डोरिसनं पाठीवर हात ठेवला. खोकला बराच वेळ थांबला नाही.

डोरिस इनेकाला बोळात घेऊन आली. आवाज खाली आणला.

"मला त्या धुराड्याचं एवढं का लागलंय ठाऊक आहे? रात्री झोपेत काय करतो देव जाणे. उशीचा अभ्रा तपकिरी होतो. अख्खा. मी धुते, आणि दोन-तीन दिवसांनी परत तसाच. फुप्फुसातून कोळसा निघतोय त्याच्या. मी त्याला बोलले नाही. तू बोलू नकोस."

"रोज होतो?"

"रोज नाही. मधूनमधून."

इनेकानं हे डोक्यात ठेवलं. कुठे ठेवावं ते कळलं नाही, म्हणून सापाशेजारी ठेवलं.

"झाडणीच्या वेळी तुम्ही कुठे असता?"

"कुठे म्हणजे? ब्लूहिलच्या दारात, फलक घेऊन. त्यांच्या तोंडावर धूळ पडताना बघायला."

"आणि तुमचे कपडे? आज दोरी रिकामी आहे."

"कपडे काढलेले असतात. घड्या घालून टोपलीत. शीला डन्स्टन काढत असेल, शेजारची. रीतच आहे आपली. तिच्या नवऱ्याशी बोलत नाही मी, पण शीला चांगली आहे."

डोरिस पास्तित्सीचा, तिच्या खुसखुशीत माल्टी पॅटिसांचा, डबा आणायला वळली. इनेका निघता निघता मागच्या दाराशी थबकली. फरशी लख्ख होती. खिळ्यावरच्या नळीची खालची वेटोळी मात्र तपकिरी होती.

"फरशी कधी पुसलीत?"

"रोज पुसते. का, घाण दिसतेय?"

"छे, छे," इनेका म्हणाली.

ब्लूहिलचं कार्यालय मुख्य रस्त्यावर होतं, पूर्वी जिथे चपलांचं दुकान होतं तिथे. मधल्या टेबलावर नव्या केंद्राची प्रतिकृती होती. हिरवीगार झाडं, पांढरं धुराडं आणि धुराड्यावर कापसाचा बारीकसा ढग. ब्रॉडी फॅरंट कंपनीचा समाज-संपर्क अधिकारी होता. तिशीतला, दातांनी देखणा. त्यानं इनेकाला आधी पांढरी टोपी दिली, मग खुर्ची.

"हा कापूस कशाला?" इनेकानं विचारलं.

"आधी नव्हता. लोक म्हणाले, यातून काहीच निघत नसेल तर हे चालतं कशावरून? मग लावला."

"झामितांच्या परसातल्या यंत्राला हात कोण लावू शकतं?"

"कुणीच नाही. झाकण उघडलं, तार ओढली, नुसतं हलवलं तरी मेलबर्नला घंटा वाजते."

"वाजली कधी?"

"एकदाही नाही. मी स्वतः विचारलं."

"का?"

ब्रॉडीनं दाराकडे बघितलं आणि खुर्ची जवळ ओढली.

"कारण आकडे माझ्यासुद्धा पचनी पडेनात. सार्जंट, माझी गाडी मूळची पांढरी आहे. तुम्ही पाहिलीत का ती?"

"बाहेर ती तपकिरी उभी आहे ती?"

"तीच."

"मग सभेत बोलला का नाहीत?"

"मला आकडे दाखवायचा पगार आहे, गाडी दाखवायचा नाही."

म्हणजे चोरानं पेटी न उघडता, न हलवता आतली धूळ नेली होती. आणि ज्याचा फायदा तोच कोड्यात होता. इनेकानं टोपी टेबलावर ठेवली. ती तेवढ्यात मळली होती.

केव डन्स्टन कामगार संघटनेचा सचिव होता आणि झामितांचा बाजूचा शेजारी. तो कुंपणाशी उभा राहून गवत कापायच्या यंत्राशी भांडत होता.

"नवं केंद्र हवंय ना तुम्हाला, केव?"

"जुनं बंद होणार. नवं नाही आलं तर पोरं काय करतील, सार्ज? लामिंग्टन केक विकतील? हो, हवंय. लिहून घे."

"झाडणीच्या वेळी कुठे असता?"

"नियंत्रण कक्षात. बटण मीच दाबतो. साक्षीदार पाहिजेत तर अख्खी पाळी आहे."

"म्हणजे—"

"म्हणजे धूळ सोडणारा मी. सोडायची पण मीच आणि चोरायची पण मीच? एवढा ओव्हरटाइम कंपनी देत नाही."

इनेका हसली नाही, पण वहीही बंद केली नाही.

"शीलाशी बोलायचं होतं. झामितांचे कपडे तीच काढते ना?"

डन्स्टननं यंत्राला एक लाथ घातली.

"शीला मार्चमध्येच क्वीन्सलंडला गेली. शहाळीवाल्याबरोबर. गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. डोरिस माझ्याशी बोलत नाही म्हणून तेवढी तिला नाही."

"मग कपडे कोण काढतं?"

"मला काय ठाऊक? मी आपले स्वतःचे पण काढत नाही. बघ की." त्यानं सदरा ओढून दाखवला. सदरा गावाच्या रंगाचा होता.

इनेका गाडीत येऊन बसली. इंजिन चालू केलं नाही. डोक्यात सगळं एका रांगेत उभं राहिलं. न उघडलेली पेटी. स्वच्छ टोपी. मागच्या दारी घरी जाणारा साप. मधूनमधून मळणारा अभ्रा. आणि घड्या घातलेले कपडे.

रांग जिथे जात होती तिथे तिला जायचं नव्हतं. मग उतरून परत कुंपणाशी गेली.

"केव, पुढची झाडणी कधी?"

"परवा. गुरुवारी, सकाळच्या चहानंतर."

"त्या दिवशी बटण दुसऱ्या कुणाला दाबू द्या. तुम्ही चहाला झामितांकडे या."

"डोरिस मला पास्तित्सीत घालून तळेल."

"पास्तित्सी भाजतात," इनेका म्हणाली.

गुरुवारी सकाळी झामितांच्या स्वयंपाकघरात जागा नव्हती. डोरिस ओट्याला टेकून उभी होती. फलक घेऊन जायला इनेकानं तिला बंदी केली होती. टेबलाच्या एका टोकाला ब्रॉडी, दुसऱ्या टोकाला डन्स्टन. नेनू खिडकीशी त्याच्या जागेवर. बाहेर दोरीवर चादरी वाळत होत्या.

"तुम्हाला इथे बोलावलंय," इनेका म्हणाली, "कारण धूळ कुणी नेली ते मला समजलंय."

"हा," डोरिसनं ब्रॉडीकडे बोट केलं.

"मी?" ब्रॉडी म्हणाला.

"नाहीतर हा." बोट डन्स्टनकडे वळलं. "दोघं मिळून. दात एकाचे, डोकं कुणाचंच नाही."

"डोरिस, बस ना गं," नेनू म्हणाला.

"बसते. आधी बेड्या घालू दे तिला."

"एक विनंती आहे," इनेका म्हणाली. "आता पुढचा काही वेळ कुणी उठायचं नाही, बोलायचं नाही. काहीही झालं तरी. चहा पीत राहायचं."

सगळे चहा पीत राहिले. घड्याळ टिकटिकत होतं. ब्रॉडीनं पास्तित्सीचा घास घेतला आणि कुरकुर आवाज झाला म्हणून तो न चावता तसाच बसला.

मग दुरून एक बारीक शीळ आली.

घरात कोण बसलंय ते विसरल्यासारखा नेनूनं कप खाली ठेवला. खुर्चीचा हात धरून उठला. बोळातून झोपायच्या खोलीत गेला, आणि परत आला तेव्हा हातात उशीचा अभ्रा होता. मागच्या दाराशी त्यानं खिळ्यावरची नळी उतरवली, सैल सोडली आणि पायरी उतरला. ओट्याजवळ एक आवाज झाला. डोरिसचा हात तोंडावर गेला होता.

खिडकीतून सगळं दिसत होतं. नेनू चार पावलं चालायचा, थांबायचा, लिंबाच्या फांदीला धरायचा. त्यानं चादरी काढल्या आणि नीट घड्या घातल्या. मग पेटीपाशी गेला. अभ्रा उघडून टोपीवर चढवला, चहुबाजूंनी खाली ओढला आणि कपड्यांच्या चिमट्यांनी बंद केला. मागे होऊन एकदा बघितलं. टोपलीसकट आत आला आणि मागे दार लावलं. तेवढ्यात डोंगरानं घसा खाकरला. खिडकीबाहेर तपकिरी भुकटी उतरायला लागली.

"काय झालं?" धाप आवरत नेनूनं विचारलं. "सगळे असे काय बघताय? झाडणी आहे नुसती."

कुणीच बोललं नाही. बोलायचं नाही असं ठरलंच होतं.

"पेटी कुणी उघडली नाही," इनेका म्हणाली. तिला वाटलं होतं चोर पकडल्यावर आवाज खणखणीत येईल. आला तो बसका आला. "उघडायची गरजच नव्हती. तिचं तोंड बांधलेलं होतं. कापडातून गाळून जाईल तेवढीच हवा आत, म्हणून आकडा ध्रुवाचा. मला कळलं ते पेटीच्या टोपीवरून. अख्खं परस मळलेलं, ती एकटी स्वच्छ. म्हणजे धूळ पडताना तिच्यावर काहीतरी होतं आणि नंतर काढून नेलं गेलं. काढायला गेलेल्या माणसामागे धुळीत रेघ उमटली. ती साप नव्हता. साप मागच्या दारानं घरात येऊन खिळ्याला वेटोळं करून बसत नाही. डोरिस फरशी रोज पुसतात, तरी नळी मळलेली. घरात मळली नाही, तर बाहेर मळली."

"आणि कपडे," डन्स्टन पुटपुटला.

"शीला नाही, डोरिस नाहीत, तरी कपडे घड्या होऊन टोपलीत. म्हणजे घरी उरलेल्या माणसानं काढले. घरी एकच माणूस उरतो. आणि अभ्रा. तो फुप्फुसांनी मळत नव्हता, मिसेस झामित. रोज मळला असता. तो झाडणीच्या दिवशी मळायचा."

डोरिसला आधी तेवढंच ऐकू आलं. "म्हणजे तो कोळसा खोकत नाहीये?"

"मी? कोळसा?" नेनू म्हणाला. "तू असं समजत होतीस?"

"मग तो घाणेरडा अभ्रा परत उशीला का घालायचास, गाढवा?"

"झटकून घालायचो ना! उशी उघडी दिसली असती तर तू विचारलं असतंस. मी बाहेर गेलो हे कळलं असतं तर जीव घेतला असतास."

डोरिस हसायला लागली आणि मध्येच थांबली. उरलेलं आता तिच्यापर्यंत पोहोचलं होतं.

"नेनू," ती म्हणाली, "तू यंत्र झाकलंस. प्रत्येक झाडणीला."

"हो तर."

"धूळ मोजायचं यंत्र धुळीपासून झाकलंस."

"मग? झाडणीआधी उपकरणं झाकायची, हा पहिला धडा. मला नोकरीच्या पहिल्या दिवशी शिकवला, मी पुढे सगळ्यांना शिकवला. केव, तुला मीच शिकवला ना?"

डन्स्टननं मान हलवली. त्याची नजर कपातून वर आली नाही.

"तुला ठाऊक नाही गं," नेनू बायकोला समजावू लागला, "यंत्राच्या नाकात राख गेली की काय होतं. आम्ही आकडा घेऊन वर जायचो. साहेब यंत्र बघायचा. म्हणायचा, हे तर मळलंय, याचा आकडा धरता येणार नाही. जितके वाईट आकडे आले तितके सगळे असेच खोडले त्यांनी. मी म्हटलं, या वेळी नाही. डोरिसनं एवढं भांडून आणलंय. यंत्र इतकं स्वच्छ ठेवीन की त्याला कुणी नावच ठेवू शकणार नाही."

"आणि आता कुणी ठेवू शकतही नाही," ब्रॉडी अगदी हळू म्हणाला.

नेनू सगळ्यांकडे एकेक करून बघत गेला. डोरिसपाशी येऊन त्याची नजर थांबली. केंद्रात मोठा बिघाड झाल्यावर पाळीतल्या माणसाचा होतो तसा त्याचा चेहरा झाला.

"पण झाडणी संपली की मी लगेच काढायचो," तो म्हणाला. "बाकी वेळ ते उघडंच असायचं."

बाकी वेळ धूळ नसायची.

इनेका बोळात गेली आणि प्राधिकरणाला फोन लावला. पलीकडचा गृहस्थ सौजन्यानं बोलत होता.

"छेडछाड झाली असेल तर आकडे बाद होतील," तो म्हणाला.

"झाली. करा बाद. परत मोजा."

"परत मोजायची तरतूद नाही. स्थानिक आकडे बाद झाले तर अर्जदाराचा अंदाज धरतात."

"अर्जदार म्हणजे ब्लूहिल?"

"हो."

"त्यांचा अंदाज काय आहे?"

कागद चाळल्याचा आवाज आला. "हवा उत्तम आहे."

"आणि मी छेडछाड कळवलीच नाही तर?"

"तर यंत्राचे आकडे धरू."

"ते काय म्हणतात?"

"हवा उत्तम आहे. अर्थात छेडछाड कळवलीत तर करणाऱ्याचं नाव लागेल. गुन्हा आहे तो. आणि हरकतदाराच्या घरातलाच माणूस असेल तर हरकतही फेटाळली जाते. कळवताय का?"

"छेडछाड असं कोण म्हणालं?" इनेका म्हणाली. "मी धुळीविषयी विचारत होते."

"कूरानूकमध्ये धूळ नाही, मॅडम," तो म्हणाला आणि तिला दिवस चांगला जावो अशी शुभेच्छा दिली.

तिनं आत येऊन जसंच्या तसं सांगितलं. ब्रॉडीनं टाय सैल केला.

"मी वर बोलून बघतो," तो म्हणाला. मग आपण काय म्हणालो ते त्याचं त्यालाच ऐकू गेलं. "नाही. मी बोललो तर नेनूंचं नाव द्यावं लागेल. आणि नाव दिलं तरी केंद्र इथेच. नाही दिलं तरी इथेच."

"संघटनेचं पत्र देऊ का?" डन्स्टननं विचारलं. "टेकडीपलीकडे बांधा म्हणून. पोरं बसनं जातील."

"संघटनेनं इथेच बांधा म्हणून आधीच पत्र दिलंय," ब्रॉडी म्हणाला. "तुमचीच सही आहे."

"छान सही आहे ती," डन्स्टन म्हणाला आणि परत कपात बघू लागला.

डोरिस नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली. आता ती काहीतरी फेकणार असं सगळ्यांना वाटलं. तिनं त्याच्या गळ्याशी पिळलेली नळी सरळ केली, कानामागे नीट बसवली, आणि त्याच्या खांद्यावरची भुकटी झटकली.

"बूट काढ," ती म्हणाली. "फरशी पुसलीय मी."

"बारावा मजला, डोरिस."

"आरशावर टॉवेल टाकू."

"लिफ्टमध्ये?"

"मग काय झालं? झाकायचं काम तुला जमतंच."

नेनू हसला. मग खोकला आला आणि सगळे तो थांबायची वाट बघत बसले. यावेळी त्याला अधिक वेळ लागला. थांबल्यावर त्यानं इनेकाला हाक मारली.

"सार्जंट, काहीतरी लिही. आमच्या पाळीत काहीच करता येण्यासारखं उरलं नाही की आम्ही अर्ज लिहायचो. बरं वाटायचं."

"कुणाला लिहू?"

"वर."

"काय मागू?"

"तुला सुचेल ते. भाषा मात्र सरकारी ठेव. साधी भाषा ते उघडत नाहीत."

इनेका चौकीत परतली. संगणकावर धूळचोरीची तक्रार अजून उघडीच होती. चोर सापडला का, या रकान्यात तिनं 'नाही' लिहिलं, तक्रार बंद केली आणि कोरा कागद ओढला.

प्रति,
सक्षम अधिकारी, पर्यावरण प्राधिकरण, मेलबर्न.

विषय: वापरून झालेला वारा परत मिळणेबाबत.

महोदय,

बेलबर्ड स्ट्रीट, कूरानूक येथील हवेच्या मोजणीच्या काळात सदर गल्लीवरून गेलेला वारा काही अपरिहार्य व प्रेमळ कारणांमुळे पूर्णपणे मोजला जाऊ शकला नाही. सबब विनंती की, सदर वारा जेथे असेल तेथून आपल्या कार्यालयामार्फत परत मागवून, त्यातील धुळीसह, पूर्वीच्याच दिशेने व क्रमाने पुन्हा एकवार सोडण्यात यावा. आणि त्याची फेरमोजणी पूर्ण होईपर्यंत याच पत्त्यावरील रहिवासी श्री. नेनू झामित यांना आहे त्याच जागी श्वास घेत राहण्यास मुदतवाढ मंजूर करावी.